विमानातला मास्क आधी स्वतःलाच का? केबिनचं प्रेशर जातं तेव्हा नेमकं काय होतं

उंचवारा

विमान सुटण्याआधीची ती सूचना बहुतेकांना पाठ असते. हवेचा दाब कमी झाला तर वरून मास्क खाली येतील, एक ओढून नाकातोंडावर लावा, आधी स्वतःला लावा आणि मगच शेजारच्याला मदत करा. कारण विचारलं तर मात्र "वर ऑक्सिजन नसतो ना" एवढंच उत्तर मिळतं. मी विमानांच्या देखभालीत काम करतो आणि हे अर्धं उत्तर मला अस्वस्थ करतं. ते धरून चालणारा माणूस मास्क समोर लोंबत असताना "गुदमरायला लागलं की लावू" असं म्हणू शकतो. गुदमरायला होतच नाही, खरा धोका तिथेच आहे. त्यासाठीच हा धागा काढतोय.

वर ऑक्सिजन असतो. जमिनीवरच्या हवेत तो २१ टक्के असतो आणि ३५,००० फुटांवरच्या हवेतही २१ टक्केच. घटतो तो हवेचा दाब. १८,००० फुटांवर दाब जमिनीच्या निम्म्यावर येतो, ३५,००० फुटांवर पाव हिश्शाहूनही कमी. फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन शिरतो तो या दाबाच्या जोरावर. तो जोरच नसेल तर छाती भरून श्वास घेतला तरी रक्ताच्या वाट्याला पुरेसं काही येत नाही.

विमानात हा दाब टिकवतात कसा? इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून दाबाखालची गरम हवा काढून घेतात, तिला ब्लीड एअर म्हणतात. ती थंड करून केबिनमध्ये सोडतात. (बोइंग ७८७ मध्ये हे काम विजेवर चालणारे वेगळे कॉम्प्रेसर करतात.) पुष्कळांना वाटतं की विमान म्हणजे झाकण लावलेला बंद डबा. तसं नाही. हवा सतत आत येत असते आणि मागच्या बाजूच्या आउटफ्लो व्हॉल्व्हमधून सतत बाहेर जात असते. हा व्हॉल्व्ह किती उघडा ठेवायचा यावर आतला दाब ठरतो आणि प्रवासात ते काम स्वयंचलित यंत्रणा करते.

आतला दाब जमिनीइतका मात्र ठेवत नाहीत. आत बसलेला माणूस किती उंचीवरच्या डोंगरावर बसल्यासारखा आहे, त्या आकड्याला केबिन अल्टिट्यूड म्हणतात. नियमाने नेहमीच्या उड्डाणात तो ८,००० फुटांच्या वर जाता कामा नये. ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये तो ६,००० च्या आसपास राखतात. याहून खाली आणायचा तर विमानाचं अंग आणखी जाड आणि जड करावं लागेल. आत्ताच आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ८ पीएसआयने जास्त असतो, म्हणजे दर चौरस मीटरला साडेपाच टनांच्या आसपास रेटा. उडताना कुणी दार उघडेल ही भीती याच कारणाने अनाठायी आहे. बहुतेक दारं आतल्या दाबानेच चौकटीत घट्ट बसतात आणि एवढा रेटा कुठल्याही माणसाच्या हाताला हलवता येत नाही.

दर उड्डाणाला विमानाचं अंग असं फुगतं आणि उतरल्यावर पूर्ववत होतं. हा ताण धातूला थकवतो. १९५४ मध्ये डी हॅविलँड कॉमेट जातीची दोन जेट विमानं भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. मग एक आख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर पुन्हा पुन्हा दाब देऊन पाहिला, तेव्हा कळलं की छिद्रांच्या कोपऱ्यांशी ताण साचून तिथून चिरा जातात. आज आम्ही विमानाच्या पत्र्यातली केसाएवढी चीर शोधत तासन् तास घालवतो, त्याचं मूळ त्या तपासात आहे.

आता मास्क. केबिन अल्टिट्यूड १०,००० फुटांच्या वर गेली की कॉकपिटमध्ये इशारा वाजतो. ती १४,००० च्या आसपास पोचली की डोक्यावरची झाकणं आपोआप उघडतात. मास्क ओढला की त्याच्या दोरीने एक पिन निघते आणि वरच्या डबीतली रासायनिक क्रिया सुरू होते. डबीत मुख्यतः सोडियम क्लोरेट असतं. ते तापलं की मीठ आणि ऑक्सिजन असं फुटतं. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, १२ ते २२ मिनिटं चालत राहतं. एका डबीवर शेजारच्या सगळ्या सीटचे मास्क असतात, त्यामुळे एकाने ओढलं की सगळ्यांना ऑक्सिजन सुरू होतो.

बारा मिनिटं थोडी वाटतात, पण तेवढ्यात वैमानिक विमान १०,००० फुटांवर आणतात आणि तिथे मास्कविना श्वास घेता येतो. प्रश्न असतो तो मास्क लागेपर्यंतच्या वेळाचा. २५,००० फुटांवर माणूस ३ ते ५ मिनिटं शुद्धीत आणि कामाचा असतो, ३५,००० वर अर्धं ते एक मिनिट, ४०,००० वर १५ ते २० सेकंद. दाब झपाट्याने गेला असेल तर हा वेळही निम्म्यावर येतो. लक्षात घ्या, हा बेशुद्ध होईपर्यंतचा वेळ नाही. पट्टा डोक्यामागे नेणं, मुलाच्या तोंडावर मास्क धरणं अशी साधी कामं जमतात तेवढा हा वेळ.

शलाका

छान लिहिलंय. "गुदमरायला होतच नाही" हे वाचून थबकले. एक शंका. मी पोहते, पाण्याखाली मिनिटभर श्वास सहज रोखून धरते. मग विमानात ३० सेकंदांत भान कसं जाईल? खोल श्वास घेऊन तो रोखून धरला आणि तेवढ्यात मास्क लावला तर?

प्राणवायू

शलाका, प्रश्न फार नेमका आहे. मी भूलतज्ज्ञ आहे, रोजचं काम याच आकड्यांशी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाण्याखाली श्वास रोखता तेव्हा फुप्फुसात नेहमीच्या दाबाची हवा शिल्लक असते. रक्त फेरी मारून येतं आणि त्या साठ्यातून थोडा थोडा ऑक्सिजन घेत राहतं. ३५,००० फुटांवर तसं होत नाही. तिथे हवेचा एकूण दाब पाऱ्याच्या १७९ मिलिमीटरएवढा असतो. फुप्फुसातली पाण्याची वाफ त्यातले ४७ मिलिमीटर अडवते आणि ती वाफ कुठल्याही उंचीवर तेवढीच राहते. उरलेल्याचा २१ टक्के हिस्सा काढला की ऑक्सिजनचा दाब येतो जेमतेम २८. शरीरभर फिरून, ऑक्सिजन वापरून परत आलेल्या अशुद्ध रक्तातही तो ४० च्या घरात असतो.

म्हणजे रक्तात ४० आणि फुप्फुसात २८. ऑक्सिजन जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो. त्यामुळे तिथे घेतलेला श्वास रक्ताला ऑक्सिजन देत नाही, उलट रक्तातला काढून घेतो. असं ऑक्सिजन गमावलेलं रक्त काही सेकंदांत मेंदूत पोचतं.

आणि श्वास रोखायचा तर मुळीच नाही. बाहेरचा दाब अचानक घटला की फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. तोंड मिटून ती कोंडून ठेवली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. हवा बाहेर जाऊ द्यायची आणि मास्क लावायचा.

आता गुदमरण्याबद्दल. श्वास कोंडल्यावर जी तगमग होते ती मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. विरळ हवेत आपण श्वास सोडतच असतो, त्यामुळे तो साठत नाही आणि शरीर धोक्याची घंटा वाजवत नाही. काहींना मुंग्या येतात, ओठ आणि नखं निळसर होतात, नजर अरुंद होते. बऱ्याच जणांना मात्र फार छान वाटतं.

१५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये झेनिथ नावाच्या बलूनमधून तिघे जण ८,००० मीटरच्या वर गेले. त्यांच्याकडे ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या आणि त्याआधी पॉल बेर या शरीरशास्त्रज्ञाच्या कमी दाबाच्या दालनात त्यांच्यातल्या दोघांनी विरळ हवेचा अनुभवही घेतला होता. खाली आले तेव्हा क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल मृत होते. वाचलेल्या गास्तों तिसांदिए यांनी लिहून ठेवलंय की त्या उंचीवर त्रास जाणवला नाही, आतून आनंदच वाटत होता. नळी तोंडाला लावायची इच्छा झाली तेव्हा हात उचलेना. प्राणवायू हाताशी होता, धोका आधीपासून ठाऊक होता, तरी दोघे गेले. विषय निघाला की मला हीच माणसं आठवतात.

सावध_प्रवासी

डॉक्टर, अंगावर काटा आला.

माझा अनुभव. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विमानात मास्क खाली आले होते. आधी जळका वास आला आणि मागच्या रांगेतून "आग, आग" असा ओरडा झाला. माझ्या मास्कची पिशवी काही फुगली नाही. मला वाटलं हा बंद पडलाय, म्हणून मी शेजारच्या रिकाम्या सीटचा ओढला. त्याचीही तीच गत. वैमानिकाकडून बराच वेळ एक शब्दही आला नाही आणि विमान मात्र नाक खाली करून सुटलं. आम्ही पडतोय असंच सगळ्यांना वाटलं. हे तिन्ही प्रकार असेच असतात का?

उंचवारा

हो, तिन्ही अपेक्षित आहेत. आधी माहीत असते तर तुमची ती काही मिनिटं कमी भीतीची गेली असती.

जळका वास डबीचा. सोडियम क्लोरेट फुटताना भरपूर उष्णता निघते, डबीचं बाहेरचं अंग अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतं. ती मोठ्या काळासाठी बंद असते, तिच्यावरची धूळ तापते आणि वास सुटतो. त्या वासाचा अर्थ डबी चालू झाली आहे एवढाच.

पिशवीचं असं की ऑक्सिजन एका ठरावीक संथ धारेने येतो. तुम्ही श्वास सोडता तेव्हा तो पिशवीत साठतो, घेता तेव्हा आधी पिशवीतला येतो आणि ती रिकामी झाली की एका झडपेतून केबिनची हवा मिसळते. उच्छ्वासाला वेगळी झडप. धापा टाकणाऱ्याच्या पिशवीत साठायला वेळच मिळत नाही आणि ती चपटी दिसते. ऑक्सिजन नळीतून येतच असतो. सूचनेत "पिशवी फुगली नाही तरी" असे शब्द असतात ते याचसाठी. दोरी मात्र नीट ओढायला हवी. नुसतं हळूच तोंडाशी नेलं आणि पिन निघाली नाही तर काहीच सुरू होत नाही.

वैमानिकाचं मौन: त्यांचं पहिलं काम स्वतःचा मास्क चढवणं. त्यांचे मास्क वेगळे असतात, एका हाताने ५ सेकंदांत चढवता येतील असेच बनवावे लागतात, आणि त्यांना सिलिंडरमधला शुद्ध ऑक्सिजन मिळतो. मग दोघांनी एकमेकांशी बोलून खात्री करायची, प्रेशर परत आणता येतं का ते पाहायचं, नाहीतर उतरण सुरू करायची, हवाई नियंत्रण कक्षाला कळवायचं. प्रवाशांशी बोलणं या सगळ्यानंतर. उतरणही जाणूनबुजून तीव्र असते: इंजिनाचा जोर जवळजवळ काढून घेतलेला, पंखांवरचे स्पीडब्रेक (हवा अडवणाऱ्या पट्ट्या) उभे, मिनिटाला ६,००० फूट किंवा त्याहून जास्त. स्पीडब्रेकमुळे विमान थरथरतं. आतून ते कोसळण्यासारखं वाटतं, पण विमान पूर्ण ताब्यात असतं.

आणि नाक झाका. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत साउथवेस्टच्या विमानाच्या इंजिनाचं पातं तुटलं आणि खिडकी फुटली. त्या वेळच्या फोटोत कितीतरी प्रवाशांनी मास्क फक्त तोंडावर लावलेला दिसतो, नाक उघडं.

गणपुले_काका

धागा आवडला. माझं वय झालंय, तांत्रिक भाग हळूहळू वाचतोय. साधं विचारतो, खिडकी फुटली की माणूस बाहेर ओढला जातो हे खरं का?

उंचवारा

काका, काही वेळा खरं आहे, पण भोकाच्या अगदी शेजारी असणाऱ्याच्या बाबतीत आणि पहिल्या काही क्षणांतच. आतला आणि बाहेरचा दाब सारखा झाला की ओढ संपते. वर लिहिलेल्या साउथवेस्टच्या घटनेत खिडकीशी बसलेली प्रवासी दगावली. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी १-११ विमानाची पुढची काच १७,००० फुटांच्या वर निखळली आणि कॅप्टन कंबरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदम्प्टनला उतरवलं आणि कॅप्टन वाचला. काच बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट कमी व्यासाचे वापरले होते. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

२८ एप्रिल १९८८ ची अलोहा एअरलाइन्सची घटना याहून भीषण. हवाई बेटांवर २४,००० फुटांवर बोइंग ७३७ च्या छताचा साडेपाच मीटर लांबीचा भाग उडून गेला. उभी असलेली एक केबिन क्रू बाहेर फेकली गेली. पट्टा बांधून बसलेले सगळे प्रवासी जिवंत उतरले. त्या विमानाची ८९,००० च्या वर उड्डाणं झाली होती, म्हणजे तितक्या वेळा ते फुगून पूर्ववत झालं होतं.

जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्सचा दारासारखा बंद तुकडा उडाला, तोही बोल्ट बसवलेच नव्हते म्हणून. विमान अजून १६,००० फुटांच्या आसपासच होतं आणि भोकालगतच्या सीटवर कुणी नव्हतं. १७७ जण वाचले. हेच पूर्ण उंचीवर झालं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं.

भोक जितकं लहान, तितका दाब हळू जातो. काँकॉर्ड हे विमान ६०,००० फुटांपर्यंत जायचं म्हणून त्याच्या खिडक्या मुद्दाम इतक्या चिमुकल्या ठेवल्या होत्या. बाकी, नेहमीच्या खिडकीत एकामागे एक काचा असतात, दाब बाहेरची काच पेलते आणि ती गेली तर मधली पेलू शकते. मधल्या काचेतलं ते बारीक छिद्र दाब सारखा ठेवायला आणि बाष्प निघून जायला असतं. त्याला घाबरू नका.

पूर्वा_नभ

मी केबिन क्रू म्हणून नोकरी केली आहे. स्फोटासारखा आवाज होतो, धुकं पसरतं, थंडी झोंबते, तेव्हा निदान काहीतरी झालंय हे प्रत्येकाला कळतं. ते धुकं म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन झालेलं, धूर नव्हे. मला जास्त भीती वाटायची ती हळूहळू जाणाऱ्या प्रेशरची. तिथे आवाज नाही, धुकं नाही, आणि धोका ओळखायचा तो ज्या डोक्याने, तेच आधी मंद होतं.

हेलिओस एअरवेजची फ्लाइट ५२२ आम्हाला प्रशिक्षणात शिकवली होती. १४ ऑगस्ट २००५, सायप्रसच्या लार्नाकाहून अथेन्सला जाणारं ७३७. आदल्या रात्री जमिनीवर प्रेशरची चाचणी करताना केबिन प्रेशरचा स्विच "मॅन्युअल" वर ठेवला गेला आणि तो परत "ऑटो" वर आलाच नाही. उड्डाणापूर्वीच्या तपासण्यांत वैमानिकांच्याही नजरेतून सुटला. विमान चढत गेलं, आत दाब मात्र तयार झाला नाही. १२,००० फुटांवर कॉकपिटमध्ये हॉर्न वाजला. त्या विमानात हाच आवाज जमिनीवर उड्डाणाची मांडणी चुकली असेल तेव्हाही वाजतो, आणि वैमानिकांनी तोच अर्थ घेतला. जमिनीवरच्या अभियंत्याशी बोलत बोलत ते वर चढत राहिले आणि थोड्या वेळात त्यांचं उत्तर येणं बंद झालं.

मागे केबिनमध्ये मास्क पडले होते. प्रवाशांनी लावलेही असतील, पण डबी चालते पंधराएक मिनिटं आणि विमान खाली आलंच नाही, ऑटोपायलटवर ३४,००० फुटांवर जाऊन अथेन्सजवळ घिरट्या घालत राहिलं. ग्रीक हवाई दलाची दोन एफ-१६ लढाऊ विमानं जवळ गेली तेव्हा सहवैमानिक पुढे कोसळलेला दिसला, कॅप्टनची खुर्ची रिकामी. अगदी शेवटी एक केबिन क्रू सदस्य कॉकपिटमध्ये शिरलेला दिसला, सोबतच्या सिलिंडरवर तो इतका वेळ शुद्धीत राहिला होता. तेव्हा इंधन संपत आलं होतं. १२१ जण गेले.

मी आजही त्या सहकाऱ्याचा विचार करते. मास्क पडले, विमान मात्र खाली जात नाही आणि कॉकपिटमधून शब्द नाही, अशा वेळी क्रूने थांबून न राहता ताबडतोब कॉकपिटशी संपर्क करायचा, हे आम्हाला त्यानंतर बजावून शिकवलं गेलं.

दूरदेशी

पूर्वाताई, त्या अपघातानंतर ७३७ मध्ये दोन इशाऱ्यांसाठी वेगवेगळे दिवे बसवले गेले, एकावर केबिन अल्टिट्यूड आणि दुसऱ्यावर टेकऑफ कॉन्फिग असं लिहिलेलं. नुसत्या हॉर्नवर भिस्त राहिली नाही.

तशीच, सुदैवाने जीवितहानी न झालेली घटना सप्टेंबर २०१८ ची. मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात ब्लीड एअरचे स्विच चालूच केले गेले नव्हते. मास्क पडले, काही प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आलं, विमान मुंबईला परतलं. कुठे भोक नाही की काही तुटलेलं नाही. या दोन्ही घटनांत यंत्र धडधाकट होतं.

रोखठोक

एवढं सगळं वाचलं. पण मी असं ऐकलंय की या मास्कमधून येणाऱ्या ऑक्सिजनने गुंगी येते आणि लोक आरडाओरडा न करता शांत बसतात, त्यासाठीच तो देतात. बारा मिनिटांच्या ऑक्सिजनने कुणाचा जीव वाचणार आहे?

प्राणवायू

रोखठोक, हा समज खूप पसरलेला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: ऑक्सिजनने गुंगी येत नाही. शस्त्रक्रियेआधी आम्ही रुग्णाला शुद्ध ऑक्सिजन देतो तेव्हा तो टक्क जागा असतो. माणूस खुळचट आनंदात शांत बसतो तो ऑक्सिजन कमी पडल्यावर. वर तिसांदिए यांचं वाचलंत ना?

आणि मास्क तुम्हाला काही जादा देत नाही. नियम सांगतो की १८,५०० फुटांपर्यंत श्वासनलिकेत ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरएवढा राहिला पाहिजे आणि त्यावर ४०,००० फुटांपर्यंत ८३.८. जमिनीवर आपल्याला मिळतो साधारण १५०. म्हणजे १०,००० ते १४,००० फुटांच्या डोंगरावर बसल्याइतका ऑक्सिजन मिळतो. डोकं जागेवर राहायला तेवढा पुरतो, आणि विमान खाली यायला बारा मिनिटांपेक्षा कमी वेळ लागतो.

शलाका

डॉक्टर, ते २८ आणि ४० चं गणित आता डोक्यातून जात नाहीये. मग आई-मुलाचं? मुलाला आधी लावावं असं कुठल्याही आईला वाटणारच.

पूर्वा_नभ

वाटणारच, आणि घाबरलेल्या मुलाला मास्क लावणं सोपं नसतं. ते मान फिरवतं, मास्क ढकलून देतं. त्या झटापटीत तुमचे तीस सेकंद गेले की तुम्ही दोघंही मास्कविना. स्वतःचा लावायला पाचएक सेकंद लागतात. त्यानंतर तुमच्या हातात वेळच वेळ असतो. तोवर मूल निपचित झालं तरी ऑक्सिजन मिळताच ते लगेच शुद्धीवर येतं. तुम्ही निपचित झालात तर त्या मुलाला मास्क लावणारं कुणी नाही.

मांडीवरच्या बाळांसाठीही मास्क असतो. नियमाने मास्क सीटच्या संख्येपेक्षा किमान १० टक्के जास्त असावे लागतात, म्हणून तीन सीटच्या वर बऱ्याचदा चार मास्क सापडतात. टॉयलेटमध्येही असतात. आणि जागेवर नसाल तर आपल्या सीटकडे धावत सुटू नका, सर्वांत जवळच्या रिकाम्या सीटवर बसून तिथला मास्क घ्या.

दूरदेशी

एक अवांतर. डबीऐवजी सिलिंडर का वापरत नाहीत? आणि हिमालय, तिबेटवरून जाणारी विमानं १०,००० फुटांवर उतरणार कशी? खाली डोंगरच तेवढे उंच.

उंचवारा

अवांतर अजिबात नाही. डबी हलकी असते, गळत नाही आणि तिला बारीकसारीक देखभाल लागत नाही, म्हणून ती एवढी रुळली. काही विमानांत सिलिंडरही असतात, ७८७ मध्ये श्वासाच्या लयीनुसार ऑक्सिजन सोडणारे छोटे सिलिंडर आहेत. पण सिलिंडरलाही धोके आहेत. जुलै २००८ मध्ये क्वांटासच्या ७४७ चा एक ऑक्सिजन सिलिंडर २९,००० फुटांवर फुटला, विमानाच्या अंगाला मोठं भगदाड पडलं, आणि सगळे सुखरूप मनिलाला उतरले.

डबीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेटच्या डीसी-९ विमानाच्या मालकक्षात मुदत संपलेल्या शंभरावर डब्या खोक्यांत भरून नेल्या जात होत्या. त्यांच्यावर सुरक्षा टोप्या नव्हत्या आणि कागदावर त्या रिकाम्या म्हणून लिहिलेल्या. एक पेटली, आग तिच्याच ऑक्सिजनवर भडकली आणि फ्लोरिडाच्या दलदलीत ११० जण गेले. छताखाली उष्णतारोधक आवरणात बसवलेली डबी आणि खोक्यात टाकलेली डबी यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

डोंगरांचं म्हणाल तर, अशा मार्गांवरच्या विमानांत जास्त वेळ पुरणारा ऑक्सिजन ठेवावा लागतो. शिवाय सुटण्याआधीच नकाशावर सुटकेच्या वाटा आखलेल्या असतात: अमुक बिंदूच्या आधी प्रेशर गेलं तर मागे वळायचं, नंतर गेलं तर अमुक खोऱ्याकडे, आणि डोंगर पाहून पायऱ्यापायऱ्यांनी उतरायचं.

गणपुले_काका

मला श्वासाचा जुना विकार आहे. प्रेशर न जाताही मला विमानात जपायला हवं का?

प्राणवायू

काका, हो. ८,००० फुटांच्या केबिनमध्ये निरोगी माणसाचं ऑक्सिजनचं प्रमाणही काही टक्क्यांनी घसरतं, त्याला ते जाणवत नाही. फुप्फुसाचा आजार असेल तर सुरुवातच खालून होते. प्रवास ठरवण्याआधी तुमच्या छातीच्या डॉक्टरांना भेटा. गरज वाटली तर १५ टक्के ऑक्सिजनची हवा देऊन ते तपासणी करू शकतात, त्यावरून प्रवासात जादा ऑक्सिजन लागेल का ते कळतं. लागणार असेल तर विमान कंपनीला आधी कळवून सोय करावी लागते. डोक्यावरच्या मास्कवर त्यासाठी विसंबता येत नाही, ते रोजच्या वापरासाठी नसतातच.

सावध_प्रवासी

शेवटचा प्रश्न, मास्क काढायचा कधी? आमच्या वेळी विमान सपाट झाल्याबरोबर अर्ध्या लोकांनी काढले होते.

पूर्वा_नभ

क्रू सांगेल तेव्हाच. विमान सपाट झालं म्हणजे १०,००० वर आलं असं नाही, वर उंचवारांनी लिहिलं तसं ते डोंगरांमुळे मधल्या पायरीवरही थांबलेलं असू शकतं. वैमानिकांनी सुरक्षित उंची गाठल्याचं कळवलं की क्रू सोबतचे छोटे सिलिंडर घेऊन फिरतात, आधी कुणी बेशुद्ध आहे का ते पाहतात, टॉयलेट तपासतात. काढलेला मास्क परत वर कोंबायचा प्रयत्न करू नका, तो तसाच लोंबू द्या. वरची डबी बंद झाल्यावरही बराच वेळ भाजण्याइतकी तापलेली असते.